प्रकृतीसाठी चौतिसाव्या मजल्यावर

महाराष्ट्रात मजेसाठी दारू पिणारा माणूस कागदोपत्री अस्तित्वातच नाही. इथे जो पितो तो प्रकृतीसाठी पितो. उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याचा मथितार्थच तसा आहे: आरोग्य राखावं आणि ते टिकावं, म्हणून सदर इसमास मद्य बाळगण्याची व पिण्याची मुभा देण्यात येत आहे. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपये, वर्षाचा शंभर, तहहयात हजार. तेव्हा शनिवारी संध्याकाळी वरळीच्या फोर सीझन्स हॉटेलात चौतिसाव्या मजल्यावरच्या ‘एअर’मध्ये किंवा मरीन ड्राइव्हवरच्या इंटरकॉन्टिनेन्टलच्या गच्चीवर ‘डोम’मध्ये जी नटूनथटून मंडळी बसलेली दिसतात, ती सरकारदरबारी प्रकृतीच्या काळजीने वर आलेली आहेत. हवापालट आहे, समुद्र आहे, मात्रा मोजून दिली जाते. वैद्याला अजून काय हवं?

ही करामत १९४९च्या दारूबंदी कायद्याची. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. कायद्याविरुद्ध बलसारा नावाच्या गृहस्थांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांना काय काय जवळ बाळगायचं होतं त्याची यादी खरोखर वाचण्यासारखी आहे: व्हिस्की, ब्रँडी, वाईन, बिअर, औषधी वाईन, ओ-द-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटर. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बव्हंशी उचलून धरला, पण औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंवरची बंदी अवाजवी ठरवली. थोडक्यात, ओ-द-कोलोन सुटलं, व्हिस्की अडकली. पुढे १९६०मध्ये गुजरात वेगळा झाला आणि बंदी घेऊन गेला. महाराष्ट्राने ती उठवली नाही. तिच्या भिंतीला परवान्याची खिडकी पाडली. रस्त्यावरच्या बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ हे शब्द अजून रंगवलेले असतात. उंचावरच्या बारला असली पाटी शोभत नाही, म्हणून ती खालीच राहते. कायदा मात्र लिफ्टने वर आलेला असतो.

आणि तो वय विचारतो. सौम्य बिअर आणि वाईन एकविसाव्या वर्षी, व्हिस्की-रम-जिन पंचविसाव्या. मतदान अठराव्या वर्षी करता येतं, मुलाला लग्न एकविसाव्या वर्षी करता येतं, आणि लोकसभेची निवडणूक पंचविसाव्या वर्षी लढवता येते. खासदारकी आणि व्हिस्की एकाच वाढदिवशी हाताशी येतात. दोन्हींचा परस्परसंबंध घटनाकारांच्या ध्यानात नसावा.

अशा गच्चीवर कुठल्याही शनिवारी एक टेबल ठरलेलं असतं. नुकतंच प्रमोशन मिळालेला पुतण्या, त्याची मैत्रीण, ऑफिसातले दोघे, आणि नेमके त्याच दिवशी सांगलीहून कामासाठी आलेले काका. काकांना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून बरोबर घेतलेलं असतं, आणि काकाही “मी आपला बसेन बाजूला” असं म्हणत सगळ्यांच्या आधी तयार झालेले असतात.

पहिली अडचण दारातच. लिफ्टपाशी काळ्या सुटातला धिप्पाड गडी काकांच्या पायांकडे बघतो. “सर, ओपन फुटवेअर अलाउड नहीं है.” काकांच्या पायांत कोल्हापुरी. या चपलांना २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि जून २०२५मध्ये मिलानच्या मंचावर ‘प्राडा’च्या पुरुष मॉडेलांच्या पायांत हुबेहूब तसल्याच वहाणा दिसल्या तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ होऊन त्या कंपनीला प्रेरणा कोल्हापूरची असल्याचं मान्य करावं लागलं. त्या गड्याची खरी पंचाईत पुढे आहे. उद्या कुणी इटलीहून आणलेली तीच चप्पल घालून आला तर त्याला अडवायचं की सलाम ठोकायचा? तूर्त पुतण्या मॅनेजरला गाठतो, कुणातरी ओळखीच्या माणसाचं नाव सांगतो आणि काका वर जातात. मुंबईत ड्रेस कोड असतो. तो कुणाला लावायचा हे ओळखीवर ठरतं.

वर पोचल्यावर सगळ्यांना घाई असते ती सूर्यास्ताची. हे टेबल साडेपाचचंच बुक केलेलं असतं, कारण मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. जुलैत तो सातवीसपर्यंत रेंगाळतो, पण त्याला बघायला कुणी नसतं; तेव्हा गच्चीवर ताडपत्री आणि मॅनेजरच्या कपाळावर आठ्या असतात. आता एवढ्या उंचीवरून काय पदरात पडतं, याचा हिशेब करण्यासारखा आहे. गच्ची समुद्रसपाटीपासून सव्वाशे मीटर उंच धरली, तर तिथून क्षितिज सुमारे चाळीस किलोमीटरवर दिसतं. खाली वरळी सी फेसच्या कट्ट्यावर शेंगदाणे खात बसलेल्या माणसाला ते जेमतेम पाच किलोमीटरवर. त्यामुळे वरच्या माणसाचा सूर्य खालच्यापेक्षा साधारण सव्वा मिनिट उशिरा मावळतो. बाकी सूर्य तोच.

थट्टा वाटेल, पण दुबईत या फरकाची धर्मशास्त्राने दखल घेतली आहे. २०११च्या रमजानात तिथल्या मुफ्तींनी बुर्ज खलिफातल्या रहिवाशांसाठी खुलासा केला: ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा, दीडशेच्या वरच्यांनी तीन मिनिटं. तिकडे उंचीमुळे माणूस जास्त वेळ उपाशी राहतो. इकडे जास्त वेळ फोटो काढतो.

कारण ती सव्वा मिनिटं कुणी सूर्याकडे बघत नाही. सगळी गच्ची त्याच्याकडे पाठ करून उभी असते. चेहऱ्यावर उजेड हवा तर तोंड त्याच्याकडे हवं, आणि मागे सूर्य हवा तर चेहरा काळा पडतो, हा पेच छायाचित्रणाइतकाच जुना आहे. पुतण्याची मैत्रीण ऑफिसातल्या दोघांपैकी एकाला टेबलाच्या पलीकडे पिटाळते. “अरे, जरा खाली बस ना. अजून खाली.” तो बिचारा उकिडवा बसून फोन वाकडा धरतो. काका मात्र कठड्याशी एकटेच उभे राहून सूर्य पूर्ण बुडेपर्यंत बघतात आणि परत येऊन सांगतात, “गेला.”

मग मेनू. तो हातात धरावा लागतो, कारण या उंचीवर वारा कागदी नॅपकिन, मेणबत्ती, केसांची ठेवण आणि मसाला पापड यांत भेदभाव करत नाही. आजकाल त्यात कोकम आहे, काळा खट्टा आहे, कढीपत्ता आहे, कैरी आहे. आजीने उन्हाळ्यात करून दिलं की नाक मुरडायचं, आणि तेच जिनमध्ये घालून वर रोझमेरीची काडी खोचली की आठशे रुपये द्यायचे. जिनचा बोलबालाही नवाच. २०१७पासून गोव्यात ‘ग्रेटर दॅन’, ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ अशी देशी जिन निघू लागली आणि बारच्या फळ्या भरल्या. गोव्याच्या काजू फेणीला २००९मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं होतं, पण फेणीचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत साथ देतो. दिवाणखान्यात तिला जिनइतकी पत नाही.

एक पेला काचेच्या घुमटाखाली धूर भरून येतो. वेटर घुमट उचलतो, धूर वाऱ्यावर बाजूच्या टेबलाकडे जातो आणि तिथली बाई खोकते. तिच्या बिलात तो लावलेला नसतो, एवढंच.

या सगळ्यात खरी कारागिरी असते ती बर्फात, आणि तिचं कौतुक कुणी करत नाही. चांगल्या बारमध्ये आरशासारखा नितळ चौकोनी बर्फ मिळतो. घरच्या फ्रिजमधला बर्फ पांढुरका होतो, कारण तो चहूबाजूंनी गोठत आत येतो आणि पाण्यातली हवा मधोमध कोंडते. नितळ बर्फासाठी पाणी एकाच बाजूने हळूहळू गोठवतात. हवा आणि गाळ ढकलला जाऊन दुसऱ्या टोकाला जमतो, ते टोक कापून टाकायचं. मोठा ठोकळा वापरायचं कारणही सरळ आहे. तेवढ्याच बर्फाच्या चुऱ्यापेक्षा त्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून तो सावकाश वितळतो आणि दारू पाणचट होत नाही. मुंबईला बर्फाचा हा शौक जुना. १८३०च्या दशकात थेट अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजातून, भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या इथे येत असत. काकांना मात्र तो ठोकळा पाहून शंका येते, की पेल्यात जागा अडवायला घातलाय. “साठ मिली म्हणतोय, पण दिसत तर नाही.” आणि ही शंका सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही.

चकण्याचं काय? खालच्या परमिट रूममध्ये बसल्या बसल्या वाटीत उकडलेले चणे, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या येतात, संपले की पुन्हा येतात, आणि त्याबद्दल कुणी आभार मागत नाही. वर चकणा हा शब्दच उच्चारायचा नसतो. इथे ‘स्मॉल प्लेट्स’ असतात. काळ्या पाटीच्या दगडावर तीन छोटे वडापाव येतात, प्रत्येकावर एकेक टूथपिक. माणसं पाच. महाभारत याहून कमी कारणावरून झालेलं आहे. काका मोठेपणाने “मला नको” म्हणतात आणि मग बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहतात.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर निम्म्या मुंबईच्या इमारतींत कुलूपबंद आहे. मुंबईकर माणूस गच्चीसाठी पैसे मोजतो, कारण त्याच्या स्वतःच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते. पापड-कुरडया वाळत घालणं, संक्रांतीला पतंग, कोजागरीला मसाला दूध, परीक्षेच्या दिवसांत पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाठांतर आणि पाठांतराच्या नावाखाली समोरच्या विंगकडे बघणं, हे सगळं एके काळी तिथे फुकट होत असे. मग कुणीतरी टाकीत डोकावलं, कुणाचीतरी डिश अँटेना हलली, वरच्या मजल्याच्या गळतीचा संशय कोजागरीवर घेतला गेला, आणि दाराला कुलूप लागलं. बाजूला बोर्ड: ‘गच्चीवर जाण्यास सक्त मनाई आहे. – हुकूमावरून’. आता एकतीस डिसेंबरला सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ती चार तास उघडते, वर पावभाजी असते आणि दर पंधरा मिनिटांनी सेक्रेटरी येऊन कठड्यापासून लांब उभं राहायला सांगतो. चौतिसाव्या मजल्यावर निदान सेक्रेटरी नसतो. पैसे त्याचे आहेत.

वरळीच्या गच्चीवरून खाली पाहिलं तर महालक्ष्मीचं रेसकोर्स दिसतं, २००९मध्ये खुला झालेला सागरी सेतू दिसतो, आणि जरा नीट पाहिलं तर बीडीडी चाळी. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने १९२०च्या दशकात त्या बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. गिरणीकामगार त्यात पाळ्या लावून झोपले. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तो असा कधी संपलाच नाही, आणि गिरण्यांच्या जागी मॉल, ऑफिसं आणि बार आले. लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये अजून उभी आहे. तिच्याशेजारी कॉफी मिळते. पुढचा भाग मात्र बारवाल्यांनी नीट ऐकावा. चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, आणि त्या इमारती चाळीस मजली आहेत. गिरणीकामगाराचा नातू आता बनियनवर खिडकीत उभा राहून, चपलांच्या अटीशिवाय, सव्वा मिनिटापेक्षा थोडा जास्तच सूर्यास्त बघू शकतो. फक्त गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, ते विचारायला हवं.

याच गिरणगावात २९ डिसेंबर २०१७ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या दोन शेजारी बार-रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ माणसं गेली, बरीचशी गुदमरून. त्याच वर्षाच्या अखेरीकडे महापालिकेने गच्चीवरच्या उपाहारगृहांना परवानगी देणारं धोरण मंजूर केलं होतं. त्यानंतर पाडापाडी झाली, तपासण्या झाल्या, प्रमाणपत्रं भिंतीवर लागली. काका वर आल्याबरोबर “जिना कुठाय?” असं विचारतात तेव्हा पुतण्याला लाज वाटते. वाटू नये. त्या टेबलावर त्या रात्री विचारलेला तो सर्वांत शहाणा प्रश्न असतो, आणि वेटरला उत्तर चटकन देता आलं नाही तर दुसरा पेला न मागवणं बरं.

दहा वाजले की गच्चीवर पुन्हा सरकार अवतरतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. डीजे नुकता कुठे रंगात आलेला असतो, दोन टेबलांनी खुर्च्या सरकवून नाचायला जागा केलेली असते, आणि अचानक आवाज इतका खाली येतो की गेले दोन तास माणसं एकमेकांशी काय ओरडत होती ते सगळ्यांना ऐकू येतं. ऑफिसातल्यांपैकी एक जण ऐन त्याच क्षणी बॉसविषयीचं आपलं प्रामाणिक मत पूर्ण आवाजात मांडत असतो. गोव्याने यावर तोड काढली: पाळोळ्याला समुद्रावर लोक कानाला हेडफोन लावून नाचतात. बाहेरून बघणाऱ्याला शंभरेक माणसं चांदण्यात निःशब्द अंगविक्षेप करताना दिसतात, आणि कायद्याची त्याला कसलीच हरकत नाही. मुंबईत हेडफोन लावून नाचायला जागा लागते, म्हणून ती पद्धत इथे लोकलमध्येच, उभ्याउभ्या, मान हलवण्यापुरती रुजली.

सरकार याहून कडक होतं ते ड्राय डेला. दोन ऑक्टोबर सगळ्यांना पाठ असतो. फसगत होते ती निवडणुकीत, कारण मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास मद्यविक्री बंद असते. लोकशाहीने मतदाराची प्रकृती दोन दिवस वाऱ्यावर सोडलेली असते. त्या दिवशी त्याच गच्चीवर तेच पेले, तीच रोझमेरी, तोच धूर. आत फक्त कोकम सरबत. दर फार उतरलेला नसतो.

शेवटी बिल येतं. ते चामडी पुस्तिकेत येतं आणि पुस्तिका टेबलाच्या मधोमध, कुणाच्याच जवळ पडणार नाही अशा अचूक अंतरावर ठेवली जाते. “टीटीएमएम करू या,” ऑफिसातला एक जण म्हणतो. तू तुझं, मी माझं. प्रमोशन पुतण्याचं असलं तरी हे ऐकून पुतण्या विरोध करत नाही. फोनमधली गणकयंत्रं निघतात आणि मग ध्यानात येतं, की हे बिल माणसांत वाटायच्या आधी सरकारांत वाटलं गेलेलं आहे. पिण्याचं मद्य राज्यघटनेनेच जीएसटीबाहेर ठेवलं आहे. त्यावर राज्याचा व्हॅट. बारमध्ये तो ५ टक्के होता, १ नोव्हेंबर २०२३पासून १० झाला. त्यावर उत्पादन शुल्क आणि परवाना शुल्क वाढलं, तेव्हा १४ जुलै २०२५ला बारमालकांनी राज्यभर एक दिवस बार बंद ठेवून निषेध केला. ग्राहकांची प्रकृती त्या दिवशी मालकांनीच वाऱ्यावर सोडली. खाण्यावर मात्र जीएसटी. खाली सर्व्हिस चार्ज. तो सक्तीचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण वेटर हसतमुखाने शेजारी उभा असताना, मैत्रीण बघत असताना, “हा काढून टाका” म्हणायचं धैर्य पुतण्यापाशी नसतं. न्यायालय नुसता निकाल देतं, शेजारी येऊन बसत नाही.

“सोडा कुणाचा?” गणकयंत्रवाला विचारतो.

“व्हिस्कीतला? माझा,” काका म्हणतात.

“तुमची व्हिस्की व्हॅटमध्ये आहे, काका. सोडा जीएसटीत.”

“अरे, पण दोन्ही एकाच ग्लासात होते ना?”

“ग्लासात होते. बिलात वेगळे आहेत.”

काका बिल मागून घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात, दोन्ही आकडे बोटाने दाबून बघतात. मग खिशातून पाचशेच्या नोटा काढून मोजायला लागतात. मैत्रीण म्हणते, “काका, कॅश नको, तुम्ही राहू द्या, आम्ही यूपीआय करतो.” काका ऐकत नाहीत. गणकयंत्रवाला एव्हाना तीन वडापावांचे पाच भाग करण्यापर्यंत आलेला असतो आणि ज्याने ते खाल्ले त्याचं नाव कुणीच घेत नसतं. “ते धरू नकोस,” पुतण्या अखेर म्हणतो, “ते माझ्याकडून.”